काजव्याचं टोपण

सोलेननं ते टोपण पाहिलं तेव्हा ते आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं.

हात पुरुषाचा होता. उन्हानं रापलेला, तळव्याच्या कडेला दोर घासल्याच्या जुन्या खुणा असलेला. आणि त्या हाताच्या चिमटीत तेच ते – पितळी, काळा रंग कडेकडेनं उडालेलं, मधोमध पंख पसरलेला इवलासा काजवा कोरलेलं. लुसिओल कॅमेऱ्याच्या लेन्सवर बसवायचं मूळचं टोपण! लुसिओल म्हणजेच काजवा. तो कारखाना बंद पडून जमाना झाला. कॅमेरे अजून कुणाकुणाच्या माळ्यावर सापडतात, पण टोपणं कुठली सापडायला? टोपणं हरवायलाच जन्माला आलेली असतात.

सोलेन किती वर्षं त्याच्या मागावर होती! आणि आज सापडलं, तर ते या माणसाच्या चिमटीत.

मोंब्रे गावच्या मैदानात जूनच्या पहिल्या रविवारी जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार भरतो. या बाजाराचा एक कायदा आहे. कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छाती होत नाही. वस्तू हातात आहे तोवर ती त्या हाताची. दुसऱ्यानं तिची किंमत विचारायची नाही, ‘जरा बघू’ म्हणायचं नाही, मागून खाकरायचंसुद्धा नाही. वस्तू परत फळीवर टेकली की मगच ती मोकळी. त्यामुळे इथले कसलेले शौकीन हातातली वस्तू सहजासहजी सोडत नाहीत. मागे एका गृहस्थांनी डाव्या हातात पिवळा फिल्टर धरून उजव्या हातानं अख्खं जेवण उरकलं होतं.

तेव्हा करण्यासारखं एकच होतं. सोलेन त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्यानं ते खाली ठेवायची वाट बघू लागली.

तो ठेवेना. उलटसुलट करून बघे, अंगठ्यानं काजवा पुसे, नाकाशी नेऊन वाससुद्धा घेई. दुकान ऑर्तांसबाईंचं. या बाई कॅमेरे विकतच नाहीत. टोपणं, कातडी पट्टे, ऊन अडवायला लेन्सवर लावायच्या छत्र्या, डोळा लावून बघायचे सुटे दर्शक असला संसार मांडून त्या खुर्चीवर विणत बसतात. विणताविणता त्यांची नजर या दोघांवर होती.

“तुम्हाला काही हवंय का?” त्यानं मान वळवून विचारलं. डोळे करडे, आणि त्यात बऱ्यापैकी खोडकरपणा.

“नाही... मी आपली उभी आहे.”

“अस्सं. पाऊस यायच्या आत उभं राहून घ्यावं, बरोबर आहे.”

सोलेननं ओठ आवळले. मग राहवेना.

“घेणार आहात का ते?”

ऑर्तांसबाईंच्या सुया थांबल्या. हा सरळसरळ कायद्याचा भंग होता. पण तो माणूस रागावला नाही.

“विचार करतोय.”

“केव्हापासून?”

“सकाळपासून. पण तुम्ही आल्यापासून जरा जास्तच.”

सोलेनच्या गळ्यात तिच्या आईचा लुसिओल लटकत होता. त्याची उघडी लेन्स तिनं उगीचच तळव्यानं झाकली. गाल का तापले ते तिला कळलं नाही... म्हणजे कळलं, पण तेवढ्यात वाऱ्याची एक जोरदार झडप आली, ढग गडगडला, आणि दुकानावरचं ताडपत्रीचं छप्पर एका बाजूनं शिडासारखं वर उठलं.

“अगं बाई! माझी टोपणं!” ऑर्तांसबाई किंचाळल्या.

“जरा धरा हो!” म्हणत त्या माणसानं हातातलं टोपण सोलेनच्या हातात कोंबलं आणि झेप घेऊन छपराचा दोर पकडला. दोन झटक्यांत ताडपत्री खाली, खुंटीला वेढा, वर गाठ. गाठ इतकी सफाईची की दोर ओढणं हा त्याचा रोजचा धंदा असावा. तोवर टपटप थेंब सुरू झाले होते आणि त्याचे केस कपाळाला चिकटले होते.

हात पुसत तो वळला. सोलेन मूठ घट्ट मिटून उभी होती.

“द्या,” तो म्हणाला.

सोलेननं ऑर्तांसबाईंकडे पाहिलं. ऑर्तांसबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“द्या काय द्या?” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं येतोस बाजारात, कायदा विसरलास होय रे? जिच्या हातात आहे तिचं.”

“अहो, मी तुमचं छप्पर वाचवत होतो!”

“देव तुझं भलं करो. टोपण तिचं.”

त्यानं मान खाजवली. सोलेनला वाईट वाटलं. पण मूठ काही उघडली नाही.

“खरंच हवं असेल तर...” ती पुटपुटली.

“धरलंय ना? मग घट्ट धरा,” तो म्हणाला, आणि हसला. “फक्त सांगा, हे एवढंसं टोपण तुम्हाला कशाला हवंय?”

मग टोपणाचे पैसे चुकते करून, पावसात, त्याच छपराखाली, ऑर्तांसबाईंच्या थर्मासमधली कॉफी आळीपाळीनं पीत तिनं सांगितलं. कॅमेरा आईचा. लग्नानंतर आईबाबा समुद्रावर गेले होते, तिथं कड्यावरून टोपण पाण्यात पडलं. कुणी पाडलं, यावर आजतागायत घरात एकमत नाही. चार पाहुणे जमले की आई म्हणते, यांनी पाडलं. बाबा म्हणतात, हिनं पाडलं. पुढच्या रविवारी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत.

“म्हणजे तुम्ही भांडण मिटवणार.”

“हो.”

“चाळीस वर्षं पुरलेलं भांडण? मिटवून पस्तावाल. मग ते बोलतील कशावर?”

त्याचं नाव बाझिल. त्याच्याकडे लुसिओलची छत्री होती, तिन्ही फिल्टर होते, कोनातून बघायचा दर्शक होता, अस्सल कातडी पिशवी होती. फक्त टोपण नव्हतं.

“आणि कॅमेरा?”

“कॅमेरा नाही.”

“नाही म्हणजे?”

“कॅमेरे सगळेच जमवतात हो. टोपण हरवलं म्हणून कुणी कॅमेरा टाकत नाही. पण कॅमेरा गेला की त्याचं टोपण, छत्री, पिशवी – सगळं केरात. मी आपलं त्यांना घरी नेतो.”

“म्हणजे तुम्ही कधी लुसिओल वापरलाच नाही?”

“मी कुठलाच वापरला नाही. लग्न न करता पाळणाघर उघडलंय म्हणा ना.”

सोलेनला इतकं हसू आलं की कॉफी सांडली. तिनं गळ्यातला कॅमेरा त्याच्यापुढे धरला. बाझिलचा चेहरा एकदम गंभीर झाला. शर्टाला हात पुसून त्यानं टोपण तिच्याकडून मागून घेतलं – “उसनं हं, ऑर्तांसबाई, साक्षीला तुम्ही!” – आणि अलगद लेन्सवर बसवलं.

टक्.

“ऐकलंत?” तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते. “आपलं घर सापडलं त्याला.”

त्या क्षणी सोलेनला त्याच्या ओल्या पापण्या फार आवडल्या. तिनं घाईघाईनं नजर कॅमेऱ्यावर नेली. रोल भरलेलाच होता, कृष्णधवल.

“चला,” ती म्हणाली. “आज याचा पहिला दिवस. फोटो काढू या.”

पाऊस आला तसा गेला. मैदानभर ओल्या गवताचा आणि जुन्या कातड्याचा वास पसरला. दोघं चेरींची एक चपटी पेटी घेऊन दुकानादुकानांतून हिंडले. बाझिल हिंडताना बोलत राहायचा – हा पट्टा मूळचा नाही, ही छत्री जर्मन, ही पिशवी उंदरानं कुरतडली तरी मोलाची – आणि सोलेन ऐकता ऐकता फोटो काढायची. बाझिल लेन्स गेलेल्या एका आंधळ्या कॅमेऱ्याकडे दयेनं बघताना. बाझिल चेरीचं बी लांब थुंकायची पैज हरताना. मग कॅमेरा त्याच्या हाती जायचा, तो अवघडून डोळा लावायचा आणि म्हणायचा, “हसा. नाही, इतकं नाही... हां. आता हलू नका.” आणि सोलेन हलायची नाही. त्याच्याकडे बघत राहायची.

“तुम्ही करता काय?” तिनं विचारलं.

“मी फाटकवाला. कालव्यावर. बोट दोन फाटकांच्या मधे कोंडायची, पाणी भरायचं, बोट वर आली की पुढचं फाटक उघडायचं. दिवसभर पाहुणे. पाण्यातून येतात, एक पायरी चढतात, हात हलवतात, जातात. थांबत कुणी नाही.”

“एकटेच राहता?”

“छे. मंत्री असतो ना.”

“मंत्री?”

“गाढव आहे. दिवसभर काही करत नाही, पण मान मोठी डुलवतो. आणि तुम्ही?”

“मी ओसेरला, चष्म्याच्या दुकानात. लोकांना विचारत बसते – हे दिसतंय का? आता दिसतंय का?”

“आणि तुम्हाला? दिसतं सगळं?”

“मला न दिसणारं अजून कुणी दाखवलेलं नाही,” ती तोऱ्यात म्हणाली. हे वाक्य तिला पुढे फार महाग पडायचं होतं.

दुपार उतरली. ओसेरची बस वेशीवर येऊन उभी राहिली. दोघं तिच्याकडे इतक्या सावकाश चालले की चालक हॉर्न वाजवू लागला.

“बरं मग...” सोलेन म्हणाली.

“बरं मग,” बाझिल म्हणाला.

“फोटो... तुम्हाला पाठवायला... पत्ता नाहीतर नंबर काहीतरी...”

बाझिलच्या डोळ्यांतली ती खोडी पुन्हा जागी झाली. “एक फोटो शिल्लक आहे ना? थांबा.” तो पळत जाऊन ऑर्तांसबाईंचा भाव लिहायचा काळा पेन घेऊन आला. चेरीच्या पेटीचं झाकण फाडलं, गुडघ्यावर ठेवून बारीक अक्षरात काहीतरी खरडलं. “तुम्ही बसच्या पायरीवर उभ्या राहा. मी तीन म्हटलं की हे वर धरीन. तुम्ही टिपलंत की लगेच खाली. आत्ता वाचायचं नाही. रोल धुवा, भिंग लावा, मग वाचा. भिंगं दुकानात असतीलच.”

“हा काय चावटपणा? सरळ नंबर द्या ना.”

“सगळं लगेच दिसलं तर मग जुना कॅमेरा कशाला गळ्यात घालायचा?”

“आणि फोटो हलला तर?”

“तर पुढच्या जूनमधे या. मी इथंच कशावर तरी विचार करत उभा असेन.”

एक... दोन... तीन. खटका वाजला. चौकटीत तिला फक्त पुठ्ठ्यावर अक्षरांच्या मुंग्या आणि त्यावर एक हसरा चेहरा दिसला. बस हलली. बाझिल छातीशी पुठ्ठा धरून लहान लहान होत गेला.

सोमवारी सोलेननं रोल धुवायला टाकला. तो आठवडा तिनं कसा काढला ते तिच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना विचारा. एका आजोबांना तिनं वाचायच्या चष्म्याऐवजी दूरचा दिला आणि वर म्हणाली, फार शोभतोय.

शनिवारी पाकीट आलं. तिनं पट्टी उजेडासमोर धरली.

पट्टी कोरी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत काचेसारखी स्वच्छ. आरपार पलीकडचा रस्ता दिसत होता, पावाचं दुकान दिसत होतं, पाव घेऊन चाललेली बाई दिसत होती. बाझिल तेवढा कुठंच नव्हता.

कॅमेरा बिघडलाय, तिनं ठरवलं. आतला पडदा उघडतच नसणार. मग ती दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन चष्म्यांच्या खोक्यांवर बसली आणि रडली. एका दिवसाच्या ओळखीसाठी रडायचं काही कारण नव्हतं, हे तिनं स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. तिला तो माणूस हवा होता. आडनाव नाही, गाव नाही... नुसता बाझिल, आणि एक गाढव. आणि तो तिकडे फोनची वाट बघत असणार. नाही आला की समजणार, हिला नको होतं.

रविवारी आईबाबांकडे जेवण होतं. बाबा, म्हणजे गास्तों, निवृत्त पोस्टमन. गळ्याशी रुमाल बांधून कोंबडीचे तुकडे करत होते. आई इव्हेत चेरींची खीरपोळी भट्टीतून काढत होती. फळांनंतर सोलेननं रिबीन बांधलेला कॅमेरा टेबलावर ठेवला. टोपण लावलेलं, काजवा चकचकीत पुसलेला.

आईनं चष्मा लावला. पाहिलं. चष्मा काढला. आणि तिला जे हसू फुटलं, ते थांबेचना. ती टेबलावर हात आपटू लागली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाबा मात्र छताकडे बघत होते, जणू तिथं फार महत्त्वाचं काही चाललं होतं.

“गास्तों!” आई धापा टाकत म्हणाली. “आलं हो ते परत! सांगा आता पोरीला.”

“काय सांगायचंय? पडलं समुद्रात. सगळ्यांना माहितेय.”

“पडलं? मी भिरकावलं ते! असा हात मागे घेऊन!” आईनं चमचा भिरकावून दाखवला. “तुझ्या बाबांनी लग्नानंतरचा अख्खा पहिला रोल टोपण लावून काढला होता, सोलेन! समुद्र, कडा, नवी टोपी घातलेली मी – सगळं कोरं! या कॅमेऱ्याचं बघायचं भोक वेगळं आणि चित्र घेणारी काच वेगळी. काचेवर झाकण असलं तरी भोकातून जग लख्ख दिसतं. धुवून आणला आणि हे म्हणतात कसे, कॅमेरा बिघडलाय.”

सोलेनच्या हातातला पेला टेबलावर टेकला.

“मग पुढच्या खेपेला त्याच कड्यावर नेलं मी यांना, आणि दिलं भिरकावून. पुन्हा म्हणून तसं व्हायला नको. यांची लाज राखायला म्हणून ‘पडलं’ म्हणायचं ठरलं. कुणी पाडलं, ते ठरवायचं राहिलं.”

“आई...” सोलेनचा आवाज अगदी बारीक झाला होता. “कोरी पट्टी... काचेसारखी दिसते का?”

हसू थांबलं. आईनं तिच्याकडे नीट पाहिलं.

“टोपण काढलं होतंस?”

काढायचं? जन्मापासून तिनं हा कॅमेरा उघड्या काचेचा पाहिला होता. काढायला त्यावर कधी काही असायचं, हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. आणि बाझिलला टोपणांचं सगळं ठाऊक होतं, फक्त कॅमेरा कसा चालवतात तेवढं सोडून.

मग सगळं बाहेर आलं. बाजार, पाऊस, चेरी, पुठ्ठा. बाबांनी मान खाली घालून, खांदे हलवत, आवाज न करता हसून घेतलं.

“आणि ही चष्म्याच्या दुकानात नोकरी करते,” ते रुमालात म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. तुम्हाला बोलायचा अधिकार नाही,” आई म्हणाली आणि खुर्ची सोलेनकडे ओढून घेतली. “एक सांग. तू फोटो काढत होतीस तेव्हा तो समोर होता. त्याला टोपण दिसलं नाही?”

“नसेल दिसलं.”

“आणि तो काढत होता तेव्हा समोर तू होतीस. चांगला हा एवढा काजवा कोरलेलं झाकण. तुला दिसलं नाही?”

सोलेननं नकारार्थी मान हलवली.

“कुठं बघत होतीस?”

सोलेनचे कान लालबुंद झाले. आईनं तिचा हात हातात घेतला. आता ती हसत नव्हती.

“मलाही दिसलं नव्हतं, बाळा. दिवसभर त्या कड्यावर यांच्यासमोर उभी होते. टोपणाकडे कोण बघतंय! रोल कोरा आला तेव्हा यांच्यावर चिडले, पण खरं म्हणजे दोघांचीही नजर ठिकाणावर नव्हती. आता तूच ठरव, तुझं काय झालंय ते.” तिनं लेन्सवरचं टोपण टक्‌कन काढलं आणि सोलेनच्या तळव्यावर ठेवलं. “हे या घरात नको. ज्याचं आहे त्याला नेऊन दे.”

“पण तो सापडणार कुठं?”

“कालवा काय उडून जातो की काय?” बाबा म्हणाले. “माझ्या आयुष्यात नुसत्या नावावर आलेली किती पत्रं मी पोचवली आहेत. जा.”

कालव्याच्या कचेरीतल्या बाईंनी फोनवर नुसत्या नावावर माहिती द्यायला गोड शब्दांत नकार दिला. तेव्हा पुढच्या सुटीला सोलेननं बाबांची लाल सायकल घेतली, टोपण खिशात टाकलं आणि कालव्याच्या काठानं निघाली. दोन्हीकडे पॉपलरची झाडं, मधे हिरवं संथ पाणी. पहिल्या फाटकावरच्या जाड्या बाईंनी कपडे वाळत घालताघालता विचारलं, “कोण हवंय?”

“बाझिल. त्याच्याकडे गाढव आहे. मंत्री नावाचं.”

“काम गाढवाकडे आहे का बाझिलकडे?”

“बाझिलकडेच.”

“बरं बरं. वरच्या अंगाला जा, पोरी.” आणि सोलेनची पाठ वळताच बाईंनी फोन उचलला.

आता ही या फाटकवाल्यांची रीत. आपल्याकडून बोट सुटली की पुढच्या फाटकाला वर्दी द्यायची – अमुक बोट येतेय, पाणी तयार ठेवा. बोटीची द्यायची ती सायकलीची दिली, एवढंच. दुसऱ्या फाटकावरचा म्हातारा काही न विचारता म्हणाला, “पुढे. अजून पुढे. पाणी पिऊन जा.” तिसऱ्या ठिकाणी दोन बहिणी बागेच्या कठड्यावर ओणवून उभ्या होत्या. “हीच का?” “हीच. लाल सायकल.” “टोपण आणलंस का गं?” सोलेनला टोपणाचं कुणाला सांगितल्याचं आठवेना. मग तिच्या लक्षात आलं. तो बोलला असणार. त्या दिवसाबद्दल तो या सगळ्यांजवळ बोलला होता! तिचे पाय पायडलवर आपोआप भरभर चालू लागले.

वळणावर पिवळ्या फुलांची रांग, पांढरं बुटकं घर, आणि कुंपणापाशी मान डुलवणारं गाढव.

बाझिल फाटकाच्या दांड्यापाशी उभा होता. दोन्ही हात दांड्यावर. खाली कोंडलेल्या पाण्यात एक हॉलंडचं म्हातारं जोडपं आपल्या बोटीवर खुर्च्या टाकून बसलं होतं. तो वळला, पण हसला नाही.

“वर्दी आली होती,” तो म्हणाला. “लाल सायकल, एक बाई, चौकशी गाढवाची.”

“चौकशी तुमची होती.”

“फोन असतो हल्ली लोकांकडे. नंबर दिला होता मी.” तो दांड्याकडे बघत म्हणाला. “रोज वाट बघितली. मग म्हटलं, नसेल करायचा.”

“नंबर आला नाही. काहीच आलं नाही. रोल कोरा निघाला, बाझिल, पहिल्यापासून शेवटपर्यंत!” सोलेननं सायकल गवतात टाकली. “आपण टोपण काढलंच नव्हतं!”

मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, आणि मग तो असा खदखदून हसला की मंत्र्यानं दचकून मान डुलवायची थांबवली.

“दिवसभर?”

“दिवसभर. तुम्ही समोर होतात ना? दिसलं नाही तुम्हाला?”

“मी काय टोपणाकडे बघत होतो?” तो म्हणाला. आणि आपण काय बोलून गेलो हे कळून कानामागं खाजवू लागला.

सोलेनला आईची आठवण झाली. तिनं खिशातून टोपण काढलं, तळव्यावर ठेवून पुढे केलं.

“आईनं पाठवलंय. आमच्या घराला मानवत नाही. आणि तसंही ते तुमचंच होतं. त्या दिवशी तुम्ही फक्त जरा धरायला दिलं होतंत, आणि मी... मी लबाडी केली.”

“तुम्ही?” बाझिल एक पाऊल पुढे आला. “सोलेन, मी त्या बाजारात लहानपणापासून जातोय. आमच्या आजोबांनी तिथं मला बोट धरून फिरवलंय. हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिली की काय होतं, ते मला माहीत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? छप्पर एका हातानंही धरता आलं असतं.”

“मग दिलंत कशाला?”

“तुम्ही शेजारी येऊन उभ्या राहिलात आणि त्याच्याकडे अशा बघत होतात... म्हटलं, माझ्याकडे असं कुणी बघितलं तर काय बहार येईल.”

वाऱ्यानं पॉपलरची पानं सळसळली. सोलेनला बोलायचं खूप होतं. त्यातलं एकच बाहेर आलं.

“टोपण बाजूला असतं तर फोटोत दिसलं असतं तुला – मी तशीच बघत होते. दिवसभर.”

‘तुला’ म्हणून गेल्याचं तिच्या उशिरा लक्षात आलं. त्याच्या मात्र लगेच आलं होतं. त्यानं हात पुढे केला आणि टोपणासकट तिचा हात हातात घेतला.

“कायदा आठवतो ना?” तो हळूच म्हणाला.

“हातात आहे तोवर हक्काचं.”

“आणि मी खाली ठेवलंच नाही तर?”

“तर कुणी खाकरायचंसुद्धा नाही.”

नेमकं तेव्हाच खालून कुणीतरी जोरात खाकरलं. हॉलंडचे आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि बंद फाटकाकडे बोट दाखवत होते. आजींनी त्यांना कोटाला धरून खाली बसवलं.

“बसा हो,” त्या म्हणाल्या. “कुठं आग लागलीय!”

पण कामाला काम होतं. दांडा फिरवायला दोन हात लागतात. बाझिलनं उजवा लावला, सोलेननं आपला डावा. दोघांनी मिळून तो फिरवला, पाणी घुसळत आत आलं आणि म्हाताऱ्यांची बोट हळूहळू वर चढू लागली. एकेका हातानं हे काम वेळखाऊ होतं. दोघांचे दुसरे हात मोकळे असते तर लवकर झालं असतं, पण ते एकमेकांत गुंतलेले होते, मधे काजवा होता, आणि खाली ठेवायला कुणीच तयार नव्हतं.